संस्थेच्या चमूबरोबर पहिली अर्धमॅरेथॉन : मुंबईत धावू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता ती टाटा मुंबई मॅरेथॉन या नावाने ओळखली जाते. तिच्यातले अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७ किलोमीटर असते. सर्वसाधारण प्रवेशाच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे पहिल्यांदा धावणारे अनेक जण एखाद्या सेवाभावी संस्थेच्या चमूतून उतरतात. काहींना मुळातच त्या संस्थेसाठी काही करायचे असते. व्यवस्था साधी आहे : संस्था तुम्हाला बिब (शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजेच प्रवेश) देते, बहुतेक वेळा प्रशिक्षक आणि रविवारची सोबत देते, आणि तुम्ही तिच्यासाठी ठरलेला निधी उभा करता.

या दोन कामांपैकी धावणेच अवघड असणार, अशी जवळपास प्रत्येकाची समजूत असते. प्रत्यक्षात निधी गोळा करण्याचे काम मागे पडत जाते आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या रविवारांच्या ऐन मध्यात, अंगावर येते. दमलेल्या माणसाच्याने धड मागवतही नाही आणि धड धाववतही नाही. म्हणून खालील टप्प्यांचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे की निधीचा मोठा भाग दिवाळीपर्यंत हाती यावा आणि त्यानंतरचे आठवडे पायांसाठी मोकळे राहावेत.

१. संस्था निवडा, आणि निवडण्यापूर्वी तपासा

नोंदणी साधारणपणे पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून संस्थेचा शोध जून-जुलैमध्ये घ्यावा. मुंबई मॅरेथॉनच्या निधिसंकलनाची बाजू २००९ पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते. शिक्षण, आरोग्य, अपंगांचे पुनर्वसन, प्राण्यांची काळजी अशा नाना क्षेत्रांतील संस्था तिच्याकडे नोंदल्या जातात आणि त्यांची यादी उपलब्ध असते. यादीत नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कंपनी कायद्याखाली आहे का, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर तिचे नाव सापडते का, गेल्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब ती दाखवते का, एवढे पाहण्यास एक संध्याकाळ पुरते. जमल्यास संस्थेचे काम जेथे चालते तेथे एकदा जाऊन या. पुढे देणगी मागताना तुम्ही स्वतः पाहिलेल्या दोन गोष्टी सांगू शकलात, तर त्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

नंतर चमूविषयी विचारा. सराव कोठे आणि किती वाजता होतो, प्रशिक्षक प्रत्येक रविवारी हजर असतो की महिन्यातून एकदा, वाटेत पाण्याची सोय कोण करते, आणि सर्वांत हळू धावणाऱ्याबरोबर कोणी थांबते का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून चमू नवख्यांसाठी आहे की मुरलेल्या धावकांसाठी, ते लगेच कळते.

२. बांधिलकी कागदावर समजून घ्या

बिब देताना संस्था एक संमतिपत्र भरून घेते. ते घाईने भरू नये. पुढील बाबी त्यात स्पष्ट नसतील तर ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

निधीचे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही, तर उरलेली रक्कम तुम्ही स्वतः भरायची आहे का? स्वतःची देणगी उद्दिष्टात धरली जाते का? बिबचे शुल्क वेगळे आहे की निधीतूनच वळते होते? शुल्क ही देणगी नव्हे, त्यामुळे त्यावर करसवलतीची पावती मिळेलच असे गृहीत धरू नका. दुखापत झाली तर काय? बहुतेक ठिकाणी शुल्क परत मिळत नाही आणि बिब दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

यातच एक मोठा सापळा आहे. न धावू शकणारा मित्र ‘माझा बिब घाल आणि धाव’ असे म्हणतो आणि नवखा माणूस खुशीने तयार होतो. तो बिब मूळ धावकाच्या वयाशी, रक्तगटाशी आणि तातडीच्या संपर्क क्रमांकाशी जोडलेला असतो. वाटेत चक्कर येऊन पडलात, तर वैद्यकीय पथकाच्या हाती भलत्याच माणसाची माहिती जाते आणि फोन भलत्याच घरी वाजतो. शर्यतीतून बाद होणे ही त्यापुढे किरकोळ गोष्ट म्हटली पाहिजे.

३. कागदपत्रे एका ठिकाणी ठेवा

• छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र (आधार, पारपत्र वा तत्सम). नोंदणीतील नाव त्यावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे.
• जन्मतारखेचा पुरावा, कारण अर्धमॅरेथॉनसाठी किमान वयाची अट असते.
• आधी एखादी वेळ-नोंद असलेली शर्यत धावला असाल, तर तिचे प्रमाणपत्र. सुरुवातीच्या रांगेतील तुमचा विभाग त्यावरून ठरतो.
• रक्तगट, चालू औषधे, अॅलर्जी आणि घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक.
• नोंदणीच्या पुष्टीचा ईमेल, छापून आणि फोनमध्येही.
• देणगीदारांची वही किंवा तक्ता : नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, पावती मिळाली की नाही.

४. निधी : मागायला लवकर सुरुवात करा

आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला दारोदार जाणारी माणसेसुद्धा स्वतःच्या नावाने देणगी मागायची म्हटले की अवघडतात. हा संकोच पहिल्या आठ-दहा संदेशांपुरताच असतो. तो जाण्याचा एक खात्रीचा उपाय म्हणजे पहिली देणगी स्वतः द्यावी आणि आपले निधिसंकलनाचे ऑनलाइन पान शून्यावर असताना कोणालाही पाठवू नये.

समजा तुमचे उद्दिष्ट ५०,००० रुपये आहे. दहा जणांकडून प्रत्येकी २,०००, वीस जणांकडून १,००० आणि आणखी वीस जणांकडून ५०० अशी फोड केली की आकडा आवाक्यात येतो. पन्नास देणगीदार मिळवायचे तर शंभराहून अधिक जणांकडे शब्द टाकावा लागेल, असे धरून चला. त्यांची यादी कागदावर लिहा : नातेवाईक, शाळा-महाविद्यालयातील मित्र, कार्यालय, सोसायटी, जुने शेजारी, तुमचे डॉक्टर, तुमचे दुकानदार. सोसायटीच्या किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच संदेश टाकून वाट पाहणे हा सर्वांत निष्फळ मार्ग आहे, कारण गटातील प्रत्येकाला दुसरा कोणीतरी देईल असे वाटते आणि चार अंगठे उमटून विषय संपतो. प्रत्येकाला नावानिशी, वेगळा संदेश पाठवा. नमुना म्हणून हा पाहा :

‘नमस्कार काका, येत्या जानेवारीत मी मुंबईत २१ किलोमीटर धावणार आहे. ज्या संस्थेसाठी धावते आहे, ती आमच्या भागातील मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. मी तेथे जाऊन आले. जागा लहान आहे आणि पुस्तके कमी पडतात. तुम्हाला शक्य असेल तर १,००० रुपये द्याल का? रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाते आणि पावती तुमच्या नावाने येते. नाही जमले तरी मुळीच हरकत नाही, दिवाळीत भेटूच.’

यात रक्कम सांगितली आहे, हे ध्यानात घ्या. ‘यथाशक्ती द्या’ म्हटले की समोरचा माणूस किती द्यावे या विचारात पडतो आणि विचार करता करता विसरतो. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी. त्यापुढे मागे लागू नये, नाती देणगीपेक्षा मोठी असतात. ज्यांनी दिले त्यांना दोन दिवसांच्या आत आभाराचे चार शब्द गेलेच पाहिजेत.

नोकरी करत असाल तर कार्यालयातील मनुष्यबळ किंवा सामाजिक दायित्व विभागाकडे चौकशी करा. कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकीच रक्कम काही कंपन्या स्वतः घालतात, पण त्याची मुदत आणि अर्ज वेगळा असतो.

आता पैशाच्या बाबतीतले सापळे.

देणग्या स्वतःच्या यूपीआय खात्यावर कधीही घेऊ नका. पैसे तुमच्या खात्यातून संस्थेकडे गेले की पावती तुमच्या नावाने निघते, देणगीदाराचा करसवलतीचा हक्क जातो आणि हिशेबाबद्दल नाहक शंका उभी राहते. आजी-आजोबांना ऑनलाइन देता येत नसेल, तर शेजारी बसून त्यांच्याच खात्यातून, त्यांच्याच नावाने रक्कम भरा किंवा संस्थेच्या नावाचा धनादेश घ्या.

‘८० जी’ या नावाने परिचित असलेली देणगीवरची आयकर सवलत सरसकट मिळत नाही. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती लागू होत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मिळत नाही. जुन्या प्रणालीतही बहुतेक सेवाभावी संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, उत्पन्नाच्या मर्यादेत, मिळते. त्यामुळे ‘सगळे पैसे करातून सुटतील’ असे आश्वासन कोणालाही देऊ नका. वजावट घेण्यासाठी संस्थेच्या साध्या पावतीव्यतिरिक्त, तिने आयकर खात्याकडे देणग्यांचे विवरण भरल्यावर निघणारे प्रमाणपत्रही लागते आणि ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर येते. देणगीदाराचा पॅन चुकला तर ते निघत नाही, म्हणून पॅन लिहून घेताना दोनदा वाचा.

परदेशातील आप्तांबाबत विशेष काळजी घ्या. परदेशात राहणारा पण भारतीय पारपत्र असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवू शकतो. तेथील नागरिकत्व घेतलेल्या मावशीची देणगी मात्र, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी, विदेशी देणगी ठरते आणि परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. तिने कौतुकाने पैसे पाठवण्याआधीच संस्थेला हे विचारून घ्यावे.

५. डॉक्टर आणि बूट

वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असेल, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून ‘मी २१ किलोमीटर धावणार आहे’ असे स्पष्ट सांगा. नुसते ‘व्यायाम करणार आहे’ म्हणू नका. धावताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण दम लागणे वा डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर जागच्या जागी थांबायचे आणि मदत मागायची. येथे जिद्द दाखवू नये.

बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर नखे काळी पडतात. शर्यतीत घालायचे बूट किमान महिनाभर आधी वापरात आलेले असावेत. महिलांनी चांगल्या आधाराच्या स्पोर्ट्स ब्रावर खर्च करताना हात आखडता घेऊ नये. माझ्या मते तिची निवड बुटांइतकीच महत्त्वाची आहे.

६. सोळा आठवड्यांचा सराव

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारापासून सोळा आठवडे मागे गेलो की सप्टेंबरचा अखेरचा आठवडा येतो. तोपर्यंत पाऊण तास भरभर चालता यावे आणि अधूनमधून पळत चार-पाच किलोमीटर जाता यावे, एवढी तयारी पुरेशी आहे.

आठवड्यात तीन दिवस धावावे : दोन दिवस लहान अंतर आणि रविवारी लांब पल्ला. एक दिवस मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि पोट यांच्या बळकटीचे व्यायाम करावेत, आणि एक दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी. रविवारचे अंतर सहा किलोमीटरपासून सुरू करून आठवड्याला एखाद-दीड किलोमीटरने वाढवत, शर्यतीच्या तीन आठवडे आधी अठरापर्यंत न्यावे. दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणावे. पूर्ण २१ किलोमीटर सरावात धावण्याची गरज नसते.

वेगाविषयी एकच कसोटी पुरे : सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे. चमूत नवखे हमखास येथे फसतात, कारण पुढच्या गटाबरोबर राहण्याची ईर्षा सुटत नाही. चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे ही पद्धत कमीपणाची नाही. किलोमीटरला सरासरी आठ मिनिटे पडली तर अर्धमॅरेथॉन दोन तास एकोणपन्नास मिनिटांत होते, सात पडली तर दोन तास अठ्ठावीस मिनिटांत. त्या वर्षीची कमाल वेळमर्यादा नियमावलीत पाहून आपला वेग तिच्याशी ताडून घ्यावा.

जागेचे म्हणाल, तर मरीन ड्राइव्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर आहे, म्हणजे तीनदा जाऊन-येऊन जवळपास पूर्ण अंतर होते. दादर-माहीमकरांना शिवाजी पार्क आहे, उपनगरांतील लोकांना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. उद्यानातील चढ शर्यतीच्या वाटेवरील पेडर रोडच्या चढाच्या तयारीसाठी फारच उपयोगी पडतो. मोठ्या रस्त्यांच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे नेहमी एकाच बाजूने धावल्यास एका गुडघ्यावर ताण येतो. बाजू बदलत राहा. अंधारात एकट्याने, आणि तेही कानात गाणी घालून, धावू नका.

आपल्या दिनदर्शिकेतले अडथळे आधीच नोंदवा. नवरात्राचा कडक उपवास आणि लांब पल्ला एकत्र करू नये. ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग मंदावणारच, त्याने खचू नये. दिवाळीत चार दिवस सुटले तर सुटलेले अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढण्याचा मोह टाळावा, बहुतेक दुखापती तेथेच होतात. डिसेंबरमध्ये लग्नसराई आणि शनिवारची जागरणे असतात, तेव्हा त्या आठवड्यात लांब पल्ला शुक्रवारी उरकावा. थंडीत मुंबईची हवा बिघडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर आदल्या रात्री पाहून, हवा फारच वाईट असेल तर त्या दिवशी घरातच व्यायाम करावा.

नडगीत किंवा टाचेत बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी जागा तयार झाली आणि ती दोन दिवसांत शमली नाही, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ वा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

७. पाणी, खाणे, औषधे

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. छोट्या बाटलीत सगळी पुडी ओतणे अपायकारक आहे. उलट, भीतीने प्रत्येक थांब्यावर साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते, आणि तेही गंभीर ठरू शकते. तहानेप्रमाणे, घोट घोट प्यावे. तासाभरानंतर खजूर, केळे किंवा धावकांसाठीचे ऊर्जा देणारे जेल यांपैकी जे सरावात पोटाला मानवले असेल तेच घ्यावे. मुंबईकर रस्त्यावर उभे राहून प्रेमाने संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे देतात. हात पुढे करण्यापूर्वी आपले पोट ओळखा.

धावण्याच्या आधी ‘दुखू नये म्हणून’ वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत फार पसरली आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे घाम गाळणाऱ्या शरीरात मूत्रपिंडांना इजा करू शकतात आणि दुखापतीची सूचनाही दडपून टाकतात. ती घेऊ नयेत.

८. बिब आणि आदला दिवस

बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या काही दिवसांत भरणाऱ्या एक्स्पोमधून, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनातून, घ्यावा लागतो. अलीकडे हा एक्स्पो वांद्रे-कुर्ला संकुलात भरत आला आहे. पहिल्याच दिवशी जा आणि काम झाले की निघा. शनिवारी तेथे तीन तास उभे राहून पाय थकवण्यात अर्थ नाही. बिबच्या मागची तातडीची माहिती लगेच भरा, आणि बिबवरची वेळ नोंदवणारी पट्टी दुमडू नका.

शनिवारी रात्रीचे जेवण लवकर आणि ओळखीचे असावे : वरण-भात, दही, थोडी भाजी. कपडे, बिब, चार सेफ्टी पिना, व्हॅसलिन आणि प्रवासाचे पैसे काढून ठेवा. काखा, जांघा आणि ब्राच्या कडांखाली व्हॅसलिन लावल्यास त्वचा सोलवटत नाही. झोप लागली नाही तरी घाबरू नका, आधीच्या दोन-तीन रात्रींची झोप कामी येते.

९. शर्यतीची पहाट

अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरावरून पहाटे पाचच्या सुमारास सुटत आली आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात संपते. मार्ग आणि वेळा वर्षागणिक थोड्याफार बदलतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशाच प्रमाण मानावा. रस्ते लवकर बंद होतात. पश्चिम व मध्य रेल्वे त्या दिवशी सहसा पहाटेच्या विशेष लोकल सोडतात, त्यांच्या वेळा दोन-तीन दिवस आधी जाहीर होतात. मोटारीच्या भरवशावर राहू नका.

स्वच्छतागृहांच्या रांगा लांब असतात. पोहोचल्या पोहोचल्या रांगेत लागा, सामान नंतर जमा करा.

सुरुवातीला गर्दी, ढोल आणि थंड वारा यांच्या भरात सगळेच वेगाने सुटतात. पहिले तीन किलोमीटर सरावातल्यापेक्षा हळू जा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, जेथे एरवी पायी जाता येत नाही, अंधारात दोन्ही बाजूंना पाणी असते आणि प्रेक्षक नसतात. छायाचित्र काढायचे असेल तर कडेला येऊन काढा, मधेच थांबल्याने मागचे आदळतात. वरळी, हाजी अली ओलांडून पेडर रोडचा चढ येतो तो अंतराचा मोठा भाग पार झाल्यावर. पावले आखूड करा, नजर समोर ठेवा, हवे तर सरळ चाला. त्या चढावर वाचवलेली शक्ती मरीन ड्राइव्हवर लागते, कारण तो सपाट रस्ता संपता संपत नाही.

१०. शर्यतीनंतर

अंतिम रेषेनंतर लगेच बसू नका. दहा मिनिटे चालत राहा, मग पाणी, काहीतरी खारट आणि कोरडे कपडे. पायात गोळे आले तर हलके ताणा, जोरात चोळू नका. दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतील. आठवडाभर धावू नये, चालावे.

त्याच आठवड्यात प्रत्येक देणगीदाराला तुमची वेळ, जमलेला एकूण निधी आणि एक छायाचित्र पाठवा. निधिसंकलनाचे पान शर्यतीनंतरही काही काळ उघडे असते, आणि ‘धावून झाले की देतो’ म्हणणारे बरेच जण असतात, त्यांना याच वेळी आठवण द्यावी. ३१ मार्चपूर्वी तक्ता आणि संस्थेकडील नोंदी जुळवून पाहा. कोणाचा पॅन चुकला असेल, कोणाची पावती राहिली असेल, तर विवरण भरण्याआधी ती दुरुस्ती सोपी असते. जूनच्या सुरुवातीला प्रमाणपत्रे सर्वांना पोहोचली का, हे एकदा विचारून घ्यावे.